चार नावांचे शहर

नोव्ही साद या शहराच्या जन्मदाखल्यावरच चार नावे आहेत. १ फेब्रुवारी १७४८ रोजी सम्राज्ञी मारिया तेरेझा हिने डॅन्यूबच्या डाव्या तीरावरील एका वस्तीला मुक्त राजनगराचा दर्जा दिला. सनदेत शहराचे लॅटिन नाव ‘नेओप्लांता’ असे लिहिले गेले आणि त्याच्या जोडीला हंगेरियन ‘उइविदेक’, जर्मन ‘नॉयझात्स’ आणि सर्बियन ‘नोव्ही साद’ ही नावेही आली. लॅटिन, जर्मन आणि सर्बियन नावांचा अर्थ एकच आहे, नवी लागवड. हंगेरियन नावात तो थोडा सरकतो आणि ‘नवा मुलूख’ होतो. मराठी कानाला ‘साद’ या शब्दात हाक ऐकू येते, पण तो निव्वळ योगायोग. ‘नोव्ही’ मात्र आपल्या ‘नवा’चा खराखुरा चुलतभाऊ आहे.

आज हे शहर सर्बियात आहे. बेलग्रेडच्या खालोखाल लोकवस्तीचे आणि व्होइव्होदिना या स्वायत्त प्रांताच्या राजधानीचे. नगरप्रशासनाच्या अधिकृत भाषा चार आहेत: सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक आणि रुसिन. (रुसिन हे अठराव्या शतकात कार्पेथियन पर्वताच्या बाजूने इथे येऊन वसलेले पूर्व स्लाव्ह. त्यांच्या भाषेचे वृत्तपत्र या शहरातून निघते आणि तिच्या अध्यापनासाठी इथल्या विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे.) २०२२ साली नोव्ही साद ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ झाले, तेव्हा ‘नवे पूल’ हेच त्या वर्षाचे घोषवाक्य होते. शहराची माहिती सांगणारे कोणतेही पुस्तक उघडावे, त्यात एक वाक्य हमखास भेटते: अनेक वंशांचे, अनेक धर्मांचे लोक येथे शतकानुशतके गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत.

मी हे शहर पाहिलेले नाही. गेली काही वर्षे मी ते अनुवादांतून वाचत आलो आहे. त्यामुळे असेल, पण या ‘गुण्यागोविंदाने’शी माझे पटत नाही. ते वाक्य धादांत खोटे नाही. पण ते चुकीच्या जागी बोट ठेवते. शहर बहुभाषिक आहे हे आपण पाट्या मोजून ठरवतो, शाळा आणि वृत्तपत्रे मोजून ठरवतो, जनगणनेतले टक्के पाहून ठरवतो. एकाच माणसात दोन-तीन भाषा नांदत असतात, ही बहुभाषिकता मात्र कोणत्याही मोजणीत येत नाही. नोव्ही सादचा सारा इतिहास मला या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा इतिहास वाटतो. तो कसा घडला, त्याच्यावर काय ओढवले आणि तो कसा दुर्मीळ होत गेला, हे फक्त साहित्यात नोंदले गेले आहे.

मुळात या शहराचा पायाच वगळण्याच्या कृतीवर घातला गेला. नदीच्या उजव्या तीरावर पेत्रोवारादिनचा किल्ला आहे. ऑस्ट्रियनांनी १६९२ साली तो बांधायला घेतला आणि १७८० पर्यंत बांधतच राहिले. किल्ल्याखालच्या गावात ऑर्थोडॉक्स पंथीयांना राहण्याची परवानगी नव्हती. म्हणून १६९४ च्या सुमारास सर्ब लोक पलीकडच्या तीरावर दलदलीत वसले. म्हणजे आज जे सहिष्णुतेचे उदाहरण म्हणून दाखवले जाते, ते ‘तुम्ही आमच्या वस्तीत नको’ या फर्मानातून जन्मले. पुढे १७३९ साली बेलग्रेड पुन्हा ऑटोमन तुर्कांकडे गेले आणि तिथून निघालेले सर्ब, जर्मन, आर्मेनियन, ग्रीक, ज्यू इथे आले. १७४८ चा दर्जाही कृपा म्हणून मिळालेला नाही. नागरिकांनी तो ८०,००० फोरिंट मोजून विकत घेतला. व्यापाऱ्यांचे शहर होते ते, आणि व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा यावीच लागते. दोन-तीन भाषा बोलणारा माणूस या शहराने आदर्श म्हणून घडवलेला नाही. तो बाजाराच्या गरजेतून घडला. मला हे मूळ कमीपणाचे वाटत नाही. उलट आदर्शातून आलेल्या बहुभाषिकतेपेक्षा गरजेतून आलेली अधिक टिकाऊ असते, असाच माझा अनुभव आहे.

त्या किल्ल्यावरच्या घड्याळाची एक गंमत आहे. त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटे. डॅन्यूबवरच्या नावाड्यांना दुरून निदान तास तरी दिसावा, म्हणून ही उलटापालट केलेली. नवख्या माणसाची मात्र हमखास फसगत होते.

१८४३ साली शहराची वस्ती १७,३३२ होती. १८५० साली ती ७,१८२ उरली. मधल्या काळात १८४८-४९ ची हंगेरियन क्रांती होऊन गेली होती. क्रांतिकारक हंगेरियनांना हॅब्सबर्गांपासून स्वातंत्र्य हवे होते, सर्बांना हंगेरियनांपासून. १२ जून १८४९ रोजी शहर बादशाही बाजूच्या जेलाचिचच्या सैन्याकडे होते आणि किल्ला हंगेरियनांकडे. किल्ल्यावरच्या तोफांनी समोरचे शहर भाजून काढले. २,८१२ घरांपैकी ८०८ उरली. ज्या किल्ल्याच्या सावलीत शहर वाढले, त्यानेच ते जाळले. नदीचे पात्र ओलांडायला तोफगोळ्याला भाषेची गरज पडत नाही.

आणि नेमके यानंतर काय घडले? योवान योवानोविच झ्माय हा याच शहरात १८३३ साली जन्मलेला कवी. सर्बियन मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या बालगीतांवर वाढल्या आहेत आणि शहराच्या मध्यवर्ती रस्त्याला त्याचे नाव आहे. शहर जळाल्यानंतर पुढच्या काही वर्षांतच या झ्मायने शांदोर पेतोफीच्या आणि यानोश अरानीच्या काव्यांचे सर्बियन अनुवाद केले. पेतोफी म्हणजे हंगेरियन क्रांतीचा कवी, १८४९ च्या त्याच उन्हाळ्यात रणांगणावर गेलेला. ज्या बाजूच्या तोफांनी आपले गाव जाळले, त्या बाजूचा सर्वश्रेष्ठ कवी झ्मायने आपल्या भाषेत आणला. पुढे त्याने इम्रे मादाचचे नाटकही अनुवादले. हंगेरियनांच्या किशफालुदी या वाङ्मयीन संस्थेने त्याला सदस्यत्व दिले. सर्बियन वाङ्मयेतिहासात झ्माय राष्ट्रकवी म्हणून येतो आणि त्याचे हे काम तळटीपेत जाते. मला ते तळटीपेत जाणे खटकते.

अर्थात त्याच दशकांत शहर ‘सर्बियन अथेन्स’ही होत होते. १८६१ साली सर्बियन राष्ट्रीय नाट्यगृह स्थापन झाले. १८६४ साली ‘मातित्सा सर्प्स्का’ ही विद्वत्संस्था पेश्तहून येथे आली. १८२६ साली ती हंगेरीच्या राजधानीत स्थापन झाली होती, हेही ध्यानात घ्यावे. ‘मातित्सा’चा अर्थ राणीमाशी. संस्थेचे ‘लेतोपिस’ हे नियतकालिक १८२४ पासूनचे. जगातल्या सर्वांत जुन्या वाङ्मयीन नियतकालिकांत त्याची गणना होते. सर्बियाचे तत्कालीन संस्थान बेलग्रेडला होते, पण सर्बियन ग्रंथव्यवहाराचे केंद्र काही काळ हॅब्सबर्ग साम्राज्यातल्या या गावी राहिले. परक्या राज्यात राहून स्वभाषेची संस्था उभारणाऱ्यांना शेजाऱ्याची भाषा येतच असते. तिच्याशी झगडायचे तरी तिच्यातूनच झगडावे लागते. शहराचा महापौर झालेला स्वेतोझार मिलेतिच हा सर्बियन राजकीय हक्कांचा पुढारी बुडापेस्टच्या संसदेत सर्बांसाठी भांडत होता.

१९१० च्या जनगणनेत शहराची वस्ती ३३,५९० होती: हंगेरियन भाषक १३,३४३, सर्बियन ११,५९४, जर्मन ५,९१८, स्लोव्हाक १,४५३. हे आकडे दोन्ही बाजूंचे इतिहासकार आपापल्या सोयीने वापरतात. पण एक साधी गोष्ट आहे. जनगणनेच्या रकान्यात एका माणसाची एकच भाषा मावते. घरी जर्मन, दुकानात सर्बियन आणि कचेरीत हंगेरियन बोलणाऱ्याने काय लिहिले असेल? त्याने जे लिहिले त्याच्या आधारावर पुढे सीमा आखल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९१८ रोजी याच शहरात भरलेल्या महासभेने हा प्रदेश सर्बियाच्या राज्यात सामील झाल्याचे घोषित केले. ७५७ प्रतिनिधींत सर्ब ५७८ होते, जर्मन ६ आणि हंगेरियन १. स्त्रिया सात होत्या, आणि त्या काळाच्या मानाने ती मोठीच गोष्ट. पण ज्या शहरात हंगेरियन भाषकांची संख्या आठ वर्षांपूर्वी सर्वांत मोठी होती, तिथल्या निर्णयसभेत एक हंगेरियन. त्या एका माणसाची मनःस्थिती कल्पून पाहावीशी वाटते.

आता जानेवारी १९४२ कडे यायला हवे. हे टाळून नोव्ही सादबद्दल जे काही लिहिले जाते, ते मला वाचवत नाही.

१९४१ साली नाझी जर्मनीच्या साथीने हंगेरीने हा प्रदेश पुन्हा ताब्यात घेतला. २१ ते २३ जानेवारी १९४२ या तीन दिवसांत हंगेरियन सैनिक आणि जेंडार्म यांनी शहराची नाकेबंदी करून घरोघर तपासणी केली. कागद पाहून माणसे बाहेर काढली आणि रस्त्यात, स्मशानात, डॅन्यूबकाठच्या स्नानाच्या जागी गोळ्या घातल्या. नदी गोठलेली होती. बर्फाला भोके पाडून प्रेते त्यांत लोटली. मेलेल्यांची संख्या हजारावर होती, बहुसंख्य ज्यू, त्यानंतर सर्ब. थोडे हंगेरियनही त्यात मारले गेले. हंगेरीच्या संसदेत या हत्याकांडाविरुद्ध एंद्रे बायची-झिलिन्स्कीने आवाज उठवला, हेही याच पानावर लिहिले पाहिजे. पुढे १९४४ च्या डिसेंबरात हंगेरियन फॅसिस्टांनी त्याला फाशी दिले.

या घटनेवर सर्बियन भाषेत लिहिणाऱ्या दोन मोठ्या लेखकांकडे पाहावे. पहिला अलेक्सांदर तिश्मा. १९२४ साली जन्मला, शालेय शिक्षण नोव्ही सादमध्ये. वडील सर्ब, आई हंगेरियन भाषक ज्यू. दुसरा दानिलो किश, १९३५ साली जवळच्या सुबोतित्सा गावी जन्मलेला. त्याचेही वडील हंगेरियन भाषक ज्यू, आई मात्र माँटेनेग्रोची. हत्याकांडाच्या वेळी किश कुटुंब नोव्ही सादमध्ये होते. वडिलांना नदीकाठच्या रांगेत उभे केले होते. किशने सांगितल्याप्रमाणे बर्फातली भोके प्रेतांनी तुंबल्यामुळे ते त्या दिवशी वाचले. त्यानंतर कुटुंब हंगेरीत वडिलांच्या गावी गेले आणि १९४४ साली वडिलांची रवानगी आउशविट्झला झाली. ते परतले नाहीत. मुलाला १९३९ साली नोव्ही सादमध्ये ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा दिलेला होता, म्हणून तो राहिला. १९७२ च्या ‘पेश्चानिक’ (वाळूचे घड्याळ) या कादंबरीच्या मुळाशी वडिलांचे एक खरेखुरे पत्र आहे, आणि ते पुस्तकाच्या अखेरीस येते.

मारणाऱ्यांची भाषा या दोघांच्याही घरातली भाषा होती, आणि मला वाटते, शहराच्या स्वभावाची किल्ली इथेच आहे. ‘दुसऱ्याची भाषा शिका म्हणजे द्वेष संपेल’ असे आपण वर्गात सहज बोलून जातो. मीही बोललो आहे. नोव्ही सादच्या ज्यूंपैकी कित्येकांना उत्तम हंगेरियन येत होती, उत्तम जर्मन येत होती. त्यांच्या कपाटांत ग्योएथे असे आणि पेतोफीही. त्याने कुणी वाचले नाही. कागद तपासणाऱ्या शिपायाला त्यांचे बोलणे अक्षरन्‌अक्षर कळत होते.

तिश्माच्या ‘उपोत्रेबा चोवेका’ (माणसाचा वापर, १९७६) या कादंबरीच्या मध्यभागी एक जर्मन शिकवणारी बाई आहे. सगळे तिला फ्रॉयलाइन म्हणतात. नोव्ही सादमधली सुस्थितीतली घरे आपली मुले तिच्याकडे शिकवणीला पाठवतात, कारण जर्मन म्हणजे संस्कार आणि जर्मन म्हणजे पुढे जाण्याची वाट. वेरा क्रोनर ही तिची एक विद्यार्थिनी. तिचे वडील ज्यू आणि आई जर्मन. मिलिंको हा दुसरा विद्यार्थी, ज्ञानाची खरी भूक असलेला. फ्रॉयलाइन मरताना आपली दैनंदिनी जाळून टाकायला सांगते, पण ती वही राहून जाते आणि युद्धातून माणसांपेक्षा अधिक धडपणे बाहेर पडते. वेराला छळछावणीत जी जर्मन ऐकावी लागते, ती याच शिकवणीच्या खोलीतल्या भाषेची बहीण आहे. मिलिंको हातपाय, दृष्टी आणि श्रवण गमावून परमुलखातल्या रुग्णालयात नावाविना पडून राहतो. ज्या भाषेसाठी त्याने रात्री जागवल्या, ती भोवती बोलली जात असते आणि त्याला ऐकू येत नाही. तिश्मा यावर एक शब्दही भाष्य करत नाही. शिकवणारा म्हणून हे पुस्तक मला फार जड गेले.

मग एका माणसातल्या अनेक भाषांचा उपयोग तरी काय, असा प्रश्न उरतो. वाचवण्यासाठी उपयोग झाला नाही, हे मान्य. साक्षीसाठी मात्र झाला. हंगेरियन आतून न जाणणाऱ्या सर्बियन लेखकाने हे हत्याकांड लिहिले असते, तर त्यात ‘ते’ आणि ‘आपण’ अशी स्वच्छ फाळणी झाली असती. तिश्माला आणि किशला ती सोय नव्हती. त्यांच्या पानांवर मारेकरी राक्षस होत नाहीत आणि बळी संत होत नाहीत. तिश्माच्या ‘क्निगा ओ ब्लामू’ (ब्लामचे पुस्तक, १९७२) मधला मिरोस्लाव ब्लाम केवळ ख्रिस्ती बायकोमुळे वाचलेला ज्यू आहे, आणि वाचल्याची लाज घेऊन तो युद्धानंतरच्या नोव्ही सादच्या रस्त्यांतून हिंडतो. कुठल्या घरात कोण राहत होते, हे त्याला आठवत राहते. रस्त्यांची नावे बदललेली असतात. शहराचे याहून प्रामाणिक वर्णन मी वाचलेले नाही.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती बराच काळ बोलली जात नव्हती. ऑक्टोबर १९४४ मध्ये पार्टिझन सैन्य शहरात आले. त्यानंतरच्या महिन्यांत व्होइव्होदिनात हंगेरियनांवर सूड उगवला गेला आणि निरपराधही मारले गेले. जर्मन तर जवळजवळ नाहीसेच झाले. काही आधीच पळाले, उरलेल्यांना छावण्यांत टाकले गेले. शहराच्या चार नावांपैकी ‘नॉयझात्स’ बोलणारे कुणी राहिले नाही. या सूडसत्राचा निषेध करणारा ठराव सर्बियाच्या संसदेने केला तो २०१३ साली. नदीकाठी १९४२ च्या बळींचे स्मारक १९७१ पासून उभे आहे, योवान सोल्दातोविचने घडवलेले. एक कुटुंब, नुसते उभे.

साहित्याच्या अभ्यासकाला या शहराचा आणखी एक विरोधाभास रोचक वाटावा. अनेक भाषांच्या या गावातच एक भाषा ‘तयार’ करण्याचा ठराव झाला. डिसेंबर १९५४ मध्ये मातित्सा सर्प्स्काच्या पुढाकाराने भाषापंडित आणि लेखक जमले आणि त्यांनी ‘नोव्ही साद करार’ म्हणून ओळखला जाणारा मसुदा संमत केला: सर्ब, क्रोएट आणि माँटेनेग्रिन यांची भाषा एकच, उच्चार दोन, लिप्या दोन आणि दोन्ही समान. तिचा कोश सर्बियन आणि क्रोएशियन मातित्सांनी मिळून करायचा, असेही ठरले. १९६७ साली कोशाचे पहिले खंड निघाले आणि त्याच वर्षी क्रोएशियन संस्थांनी स्वतंत्र भाषेची मागणी करणारे पत्रक काढले. कोश पुढे १९७६ साली सहा खंडांत पूर्ण झाला, पण तो सर्बियन मातित्साने एकटीने पूर्ण केला. आज त्या एका भाषेची अधिकृत नावे चार आहेत. या शहराला चार हा आकडा सोडत नाही, असो. करार करणारे विद्वान अप्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. पण सभेत ठरवलेली एकता आणि शिकवणीच्या खोलीत, बाजारात, मिश्र घरांत मुरलेली अनेकता यांतली कुठली आधी फाटली, हे पाहण्यासारखे आहे.

त्या काळात हंगेरियन बाजूला जे चालले होते, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९६५ साली नोव्ही सादमधून ‘उइ सिम्पोझियोन’ हे हंगेरियन नियतकालिक सुरू झाले. ओत्तो तोल्नाइ, इश्तवान दोमोनकोश, लास्लो वेगेल ही त्यातली तरुण मंडळी. खुद्द हंगेरीत छापता येणार नाही असे लेखन इथे, युगोस्लाव्हियाच्या तुलनेने सैल व्यवस्थेत, हंगेरियनमध्ये छापले जाऊ लागले. एका भाषेतले सर्वांत मोकळे लेखन काही काळ तिच्या देशाबाहेर, अल्पसंख्याकांच्या गावात होत होते. ते मोकळेपणही अमर्याद नव्हते. १९८३ साली संपादक मंडळ बरखास्त करण्यात आले. वेगेलची पहिली कादंबरी ‘एका भडव्याच्या आठवणी’ १९६७ ची. तिची भाषा सर्बियन शब्द मिसळलेली, रस्त्यावरची, शुद्ध हंगेरियनवाल्यांना न रुचणारी. दोनच वर्षांनी ती सर्बियनमध्ये आली. अनुवादक होता अलेक्सांदर तिश्मा.

गेल्या वर्षी तौलनिक साहित्याच्या तासाला मी हे सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग तिश्मा नेमका कुणाचा लेखक?” मी सर्बियन म्हणालो, कारण परीक्षेत तेच लिहायचे असते. पण उत्तर अपुरे आहे हे मलाही कळत होते. आपण साहित्याचे इतिहास भाषावार शिकवतो. सर्बियन वाङ्मयाच्या इतिहासात नोव्ही साद हे मातित्साचे आणि झ्मायचे गाव. हंगेरियन वाङ्मयाच्या इतिहासात ते सिम्पोझियोनचे गाव. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तरी त्यांतून शहर उभे राहत नाही. झ्मायचा पेतोफी, किशने केलेले अदी आणि राद्नोतीचे अनुवाद, तिश्माचा वेगेल, हा सगळा व्यवहार दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत पडतो. माझ्या मते या शहराचा खरा वाङ्मयेतिहास तिथेच आहे, आणि तो कुणी सलगपणे लिहिलेला मला आढळलेला नाही. आपल्या अभ्यासक्रमांनाही ही सवय लागली आहे. लेखकाने एका रकान्यात बसावे, अशी आपली अपेक्षा असते. जनगणना-अधिकाऱ्याची असते तशीच.

१९९० च्या दशकाबद्दल थोडक्यात. युगोस्लाव्हिया फुटला. लष्करात ओढले जाण्याच्या भीतीने हंगेरियन तरुण हंगेरीला गेले. क्रोएशिया आणि बोस्नियातून सर्ब निर्वासित शहरात आले. १९९९ साली नाटोच्या बाँबफेकीत डॅन्यूबवरचे पूल एकामागोमाग पडले, १ एप्रिलला वारादिन पूल, ३ एप्रिलला स्वातंत्र्य पूल, आणि अनेक माऱ्यांनंतर महिन्याच्या अखेरीस झेझेल पूल. तेव्हा शहराची नगरपालिका मिलोशेविचच्या विरोधकांच्या हाती होती. बाँबला तेही रकाने कळत नाहीत. स्वातंत्र्य पूल २००५ साली पुन्हा उभा राहिला आणि झेझेल २०१८ साली.

२०११ च्या जनगणनेत नोव्ही सादच्या प्रशासकीय हद्दीत सर्ब सुमारे ७९ टक्के होते आणि हंगेरियन चार टक्क्यांहून कमी. पाट्या मात्र आहेत. कायद्याने दिलेले हक्क आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. ते उपहासाने बघण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण हंगेरियन माणूस सर्बियन शिकतो कारण त्याला शिकावीच लागते. सर्बियन माणसाला हंगेरियन शिकण्याचे कारण उरलेले नाही. बाजाराने घडवलेला तो दुहेरी-तिहेरी जिभेचा माणूस बाजाराला नकोसा झाला, आणि सरकारी तरतूद त्याला पुन्हा घडवू शकत नाही. आर्मेनियन चर्च साठच्या दशकात नव्या रस्त्यासाठी पाडले गेले. सिनेगॉग (लिपोत बाउमहोर्नने बांधलेले, १९०९ साली पूर्ण झालेले) आता संगीताच्या मैफलींसाठी वापरले जाते. १९४४ च्या वसंतात शहरातल्या उरलेल्या ज्यूंना याच वास्तूत गोळा करून आउशविट्झला धाडले होते. तिथली मैफल ऐकताना हे आठवणारे श्रोते किती असतील, कोण जाणे. वेगेलने २०१३ साली शहरावर कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्या नावात ‘नेओप्लांता’ हा लॅटिन शब्द घातला. चारही नावांतले हे एकच नाव असे, की ते कुणाचीच मातृभाषा नव्हते.

१ नोव्हेंबर २०२४ रोजी नोव्ही सादच्या नुकत्याच नूतनीकरण झालेल्या रेल्वेस्थानकाचे काँक्रीटचे छत कोसळले. त्यात सोळा माणसे गेली. बांधकामातल्या भ्रष्टाचाराच्या संशयावरून विद्यार्थ्यांनी जे आंदोलन सुरू केले, त्याने सारा सर्बिया ढवळून निघाला. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा जाहीर केला. ते याच शहराचे माजी महापौर. बेलग्रेडचे विद्यार्थी पायी चालत नोव्ही सादला आले आणि १ फेब्रुवारीला सर्वांनी मिळून शहराचे तीनही पूल अडवून धरले. तो सनदेचा दिवस होता. या आंदोलनाची सर्वांत ठळक कृती म्हणजे मृतांसाठी रस्त्यात काही मिनिटे निःशब्द उभे राहणे. चित्रफितींत मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. हजारो माणसे चौकात उभी आहेत, आणि कोण कुठल्या भाषेत गप्प आहे हे ओळखता येत नाही.

तिश्मा २००३ साली वारला. अखेरच्या वर्षांत त्याने आईच्या भाषेतून आणखी एका पुस्तकाचा अनुवाद हाती घेतला आणि पुरा केला. ते पुस्तक आउशविट्झला गेलेल्या एका हंगेरियन ज्यू मुलाची गोष्ट सांगते, आणि त्याचा लेखक इम्रे केर्तेस.